कळवळ्याला वहीची जोड

यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीचे वर्णन वाचताना हेवा वाटतो. सभासद एकदिलाने राहत, जमीनजुमला विकून आलेले पैसे प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवत, घरोघरी एकत्र जेवत. अशा मंडळीतही ‘प्रेषितांची कृत्ये’च्या सहाव्या अध्यायात कुरकुर सुरू झालेली दिसते. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा वगळल्या जात होत्या. कोणी आकसाने तसे केले, असे हे पुस्तक लिहिणारा लूक म्हणत नाही. मंडळी वाढली होती आणि भाषेने वेगळ्या असलेल्या या बायका नजरेतून सुटत होत्या.

प्रेषितांनी यावर प्रेमाविषयी एखादा उपदेश करून विषय संपवला असता, तर कोणी त्यांना नावे ठेवली नसती. त्यांनी मात्र सगळी मंडळी बोलावली, सात माणसे निवडायला सांगितली आणि काम त्यांच्यावर सोपवले. स्तेफन, फिलिप्प, निकानोर, तीमोन... सातही नावे ग्रीक आहेत. गाऱ्हाणे ज्यांचे होते, त्यांच्यातल्याच माणसांकडे कारभार गेला असावा, असे ही नावे सुचवतात.

आपल्या मराठी मंडळ्यांनी हा अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाचायला हवा. आपल्याकडे कळवळ्याची वानवा नाही. अपघात झाला की रक्त द्यायला तरुण संघ धावतो, कोणी वारले की कबरस्तानात अख्खी मंडळी जमते. पण जो आजार हळूहळू पोखरतो, जी नोकरी गाजावाजा न होता जाते, जी आजी सलग तीन रविवार दिसत नाही, तिथे आपण कमी पडतो. कारण बरेचदा साधे असते: आपल्याला कळलेलेच नसते. ज्याचे गणगोत मोठे, ज्याचा आवाज मोठा, त्याची विचारपूस आपोआप होते. बाकीच्यांची व्हायची असेल तर एक वही, काही माणसांची नावे आणि ठरलेला वार लागतो. ही व्यवस्था कशी बसवायची, ते पायरीपायरीने पाहू.

गैरहजर कोण, हे आधी पाहा

उपासनेला किती लोक आले, अर्पण किती जमले, याची नोंद बहुतेक मंडळ्या ठेवतात. कोण आले नाही, याची नोंद क्वचितच असते. तिथून सुरुवात करा.

एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक कुटुंबाला एक पान द्या. वर घरातल्या सगळ्यांची नावे आणि वये. खाली चार प्रश्नांची उत्तरे: घरात एकटे कोण राहते? अंथरुणाला खिळलेले किंवा सतत औषधावर असलेले कोण आहे? कमावते कोण आहे आणि काम पक्के आहे का? अडीअडचणीला धावून येईल असा नातेवाईक जवळपास आहे का? पानाच्या उरलेल्या भागात तारखा लिहायच्या: या घरी मंडळीतले कोणी शेवटचे केव्हा गेले, काय कळले, पुढे काय करायचे ठरले. सहा महिन्यांनी वही चाळली की काही पाने तारखांनी भरलेली आणि काही कोरी दिसतील. कोरी पानेच तुमच्या मंडळीच्या नजरेतून सुटलेली माणसे आहेत.

दर रविवारी दाराशी दोन जण उभे करा, शक्यतो एक बाई आणि एक तरुण. येणाऱ्याला नावाने हाक मारून ‘जय ख्रिस्त’ म्हणायचे आणि कोण दिसले नाही ते मनात ठेवायचे, एवढेच त्यांचे काम. सलग दोन रविवार न दिसलेल्याला सोमवारी फोन, तीन रविवार झाले की घरी भेट. फोनवर “उपासनेला का आला नाहीत?” असा सूर लावू नका. तो ऐकून माणूस चौथ्या रविवारीही येत नाही. “दिसला नाहीत, म्हणून काळजी वाटली,” एवढे पुरते.

वहीत खासगी गोष्टी लिहिलेल्या असतात. म्हणून ती एकाच जबाबदार व्यक्तीकडे, कपाटात कुलपात असावी. तिची पाने फोनवर फोटो काढून फिरवू नयेत.

पाळकाच्या खांद्यावरचे ओझे वाटून घ्या

मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे ऐकत बसे. सासऱ्याने, म्हणजे इथ्रोने, ते पाहिले आणि स्पष्ट सांगितले की असे केलेस तर तूही थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेमण्याचा त्याचा सल्ला निर्गमाच्या अठराव्या अध्यायात आहे. आपल्याकडे मात्र आजही आजाऱ्याला भेटायचे, भांडण मिटवायचे, दाखला लिहायचा आणि उपदेशही तयार करायचा, हे सगळे पाळकसाहेबांनीच करावे अशी अपेक्षा असते. एका पाळकाकडे तीन-चार गावांच्या मंडळ्या असतील तर ते होणे शक्यच नसते.

आठ ते दहा घरांचा एक गट करा. गट वस्तीप्रमाणे पाडा. नात्यागोत्याप्रमाणे किंवा मैत्रीप्रमाणे पाडले की ज्यांचे कोणाशी जमत नाही, ती घरे कुठल्याच गटात बसत नाहीत. प्रत्येक गटाला दोन माणसे नेमा, एक पुरुष आणि एक बाई. ती पंच कमिटीतलीच असावीत असे नाही. उलट नसली तर बरे, कारण कमिटीची निवडणूक आली की सगळ्या भेटीगाठींना वेगळा वास येऊ लागतो. नेमणूक एका वर्षाची ठेवा आणि उपासनेत सगळ्यांसमोर त्यांच्यासाठी प्रार्थना करा. वसईच्या धर्मग्रामांत आणि इतर कॅथलिक पॅरिशांत वस्तीवस्तीतले छोटे समूह आपापल्या घरी जमून शास्त्रवाचन करतात आणि शेजारच्या घराची खबरही ठेवतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतली घरसभा हे काम सहज करू शकेल, प्रार्थनेनंतरची दहा मिनिटे “आपल्या दहा घरांत या आठवड्यात काय चालले आहे?” या प्रश्नाला द्यायची.

इथे एक पथ्य कटाक्षाने पाळा. “प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं,” अशी सुरुवात करून आपल्याकडे दुसऱ्याच्या घरातल्या पुष्कळ गोष्टी चव्हाट्यावर येतात. मुलीचे मोडलेले लग्न, मुलाचे व्यसन, नवऱ्याची दारू यांची प्रार्थना-विनंती ज्याची त्यानेच करायची, किंवा त्याची परवानगी घेऊन. परवानगी नसेल तर देवाला सांगा, घरसभेला सांगू नका.

भेट द्यावी कशी

ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत. तोपर्यंत ते उत्तम मित्र होते. नंतर त्यांनी तोंड उघडले आणि त्याच्या दुःखाची कारणे शोधायला लागले. भेटीला जाणाऱ्या प्रत्येकाने निघण्यापूर्वी हे आठवावे.

दोघांनी मिळून जा. आधी फोन करून वेळ विचारा. घरी अर्धा तास, दवाखान्यात दहा मिनिटे पुरे. खुर्ची ओढून रुग्णाच्या नजरेच्या पातळीवर बसा. उभे राहून बोलले की तुम्ही निघायच्या घाईत आहात हे त्याला कळते. “आता कसं वाटतंय?” विचारल्यावर उत्तर पूर्ण होऊ द्या. तुमच्या आत्याला झालेल्या अशाच आजाराची गोष्ट सांगू नका. विश्वास कमी पडला म्हणून आजार आला, असे सुचवू नका. “नक्की बरे व्हाल” अशी ग्वाही देऊ नका आणि प्रार्थना केली म्हणून औषध बंद करायला तर कधीच सांगू नका. प्रार्थना करू का, असे विचारून मग करा, आणि ती छोटी ठेवा. रुग्णाच्या डोक्यावर हात ठेवलेला फोटो मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकण्याचा मोह पूर्णपणे टाळा.

निघताना आपण सगळेच म्हणतो, “काही लागलं तर सांगा.” संकोची माणूस कधीच सांगत नाही. त्याऐवजी नेमके काम उचला. “मावशी, गुरुवारी तुमची तपासणी आहे ना? मी सकाळी साडेआठला रिक्षा घेऊन येते.” “काका, विजेचं बिल माझ्याकडे द्या.” “दोन दिवस मुलांचे डबे आमच्याकडून.” अशा एका वाक्याने माणसाला जो धीर येतो, तो लांबलचक आश्वासनांनी येत नाही. घरी परतल्यावर वहीत तारीख आणि पुढचे काम लिहा, म्हणजे पुढच्या भेटीला जाणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून विचारावे लागणार नाही.

मनाच्या आजाराविषयी आपल्या मंडळ्यांत अजून दबक्या आवाजात बोलले जाते. झोप न लागणे, जेवण तुटणे, “आता जगण्यात अर्थ नाही” असे बोलणे, ही लक्षणे दिसली की प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे. ज्येष्ठांसाठी 14567, महिलांसाठी 181 आणि मुलांसाठी 1098 हे क्रमांकही चर्चच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावा. कोणाला त्यांची गरज पडेल ते आपल्याला ठाऊक नसते, आणि ज्याला पडते तो विचारायला येत नाही.

दुःखाचे घर चौथ्या दिवसानंतर

मृत्यूच्या दिवशी आपली मंडळी जशी उभी राहते, तशी फार थोडी माणसे राहत असतील. पेटी, कबर खणणे, फुले, पाहुण्यांचा चहा, सगळे कोणी न सांगता होते. चौथ्या दिवशी पाहुणे परततात आणि घर रिकामे होते. मंडळीचे खरे काम त्यानंतर सुरू होते.

पहिला आठवडा शेजारच्या गटाने आळीपाळीने जेवण पोचवावे. त्याच आठवड्यात एखाद्या जाणत्या माणसाने कागदपत्रांची जबाबदारी घ्यावी. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. त्यानंतर बँक, विमा, निवृत्तिवेतन, शिधापत्रिका अशी रांगच लागते. नवऱ्याच्या पश्चात पहिल्यांदाच बँकेची पायरी चढणाऱ्या बाईबरोबर नुसते उभे राहणे ही मोठी सेवा आहे. मग वहीत पुढच्या तारखा घाला: पंधरवडा, चाळिसावा दिवस, गेलेल्याचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस आणि पहिला नाताळ. कॅरल पार्टी त्या घरावरून मुकाट्याने पुढे जाऊ नये आणि ढोलकी वाजवत आतही शिरू नये. आधी विचारावे, आणि हवे असेल तर हलक्या आवाजात एक गीत म्हणून यावे.

पैशाची मदत: हात आखडता नको, हिशेब ढिला नको

रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली तेव्हा बवाजाने गड्यांना सांगून ठेवले, पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम खाली पडू द्या आणि तिला बोलू नका. तिला धान्यही मिळाले आणि हात पसरावा लागला नाही. मदत करणाऱ्या प्रत्येक कमिटीने हा दाखला समोर ठेवावा. नाताळच्या कार्यक्रमात गरिबांना स्टेजवर बोलावून, फोटो काढत साड्या आणि ब्लँकेटे वाटणे थांबवले पाहिजे. फी शाळेत परस्पर भरता येते, किराणा दुकानदाराकडे सांगून ठेवता येतो, औषधाचे बिल मेडिकलवाल्याला चुकते करता येते.

देवाच्या पैशाचा हिशेब माणसांपुढेही स्वच्छ हवा, हे पौलाने पाळले. यरुशलेमेच्या गरिबांसाठी जमवलेली रक्कम नेताना त्याने तीताबरोबर आणखी विश्वासू माणसे पाठवली, कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. आपणही मदतनिधीचे वेगळे खाते ठेवावे, दोन सह्या असाव्यात आणि निर्णय तिघांनी मिळून घ्यावा. त्यात एक तरी बाई असावी. तातडीच्या वेळी सभा न बोलावता देता येईल अशी एक रक्कम आधीच ठरवून ठेवावी. वार्षिक अहवालात एकूण रक्कम आणि प्रकार छापावे, नावे छापू नयेत. निधीतून उसने देऊ नये. उसने घेतलेला माणूस परतफेड जमली नाही की चर्चला यायचे बंद करतो, आणि मग पैसाही जातो, माणूसही जातो. द्यायचे असेल तर दान म्हणून द्यावे.

मंडळीच्या निधीला मर्यादा असते, म्हणून शासनाच्या योजनांची माहिती असणारा एक कार्यकर्ता हवाच. निराधार, विधवा आणि अपंगांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे; दोन्हींचे काम तहसील कचेरीतून चालते. शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवणे बंधनकारक आहे. ही गोष्ट दवाखान्याच्या काउंटरवर आपणहून कोणी सांगत नाही. आपल्यालाच विचारावी लागते. शिक्षणाचा प्रश्न आणखी नाजूक आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींना मुकतात, त्यामुळे शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखले आणि मुदती यांचे मार्गदर्शन करणारे टेबल जून महिन्यात चर्चच्या आवारात मांडले तर कित्येक मुलांचे वर्ष वाचेल.

आणि मदत घेणाऱ्याला कायम घेणारा ठेवू नका. पंडिता रमाबाईंनी 1896 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणि विधवा केडगावला आणल्या. त्यांना नुसते पोसून त्या थांबल्या नाहीत. त्यांच्या तिथल्या मुक्ति मिशनात शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. अंध मुलींना रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल शिकवत होती. ज्याला आज निधीतून औषध मिळाले, त्याला उद्या दाराशी उभे राहायला सांगा, घरसभेत शास्त्रवाचन द्या, एखाद्या आजोबांना आणण्या-नेण्याचे काम द्या. आपलाही मंडळीला उपयोग आहे, हे कळले की माणसाची मान ताठ होते.

एका पंगतीला

करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी सधन लोक आधीच जेवून घेत आणि कष्टकरी उशिरा येऊन उपाशी राहत. पौलाचा संताप त्या पत्रात लपत नाही. याकोबही आपल्या पत्रात विचारतो की सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला पायाशी, हा कुठला न्याय? आपल्याकडे या प्रश्नाला जातीचीही बाजू आहे, आणि ती नाकारून चालणार नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे सोवळे लगेच सुटले नाही. ते कसे गळून पडले, याची कहाणी त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त कसलाही आव न आणता सांगितली आहे. पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये 1890 साली घेतलेल्या एका चहाने लोकमान्यांपासून रानड्यांपर्यंत सगळ्यांना ग्रामण्याला, म्हणजे जातिबहिष्काराच्या प्रकरणाला, तोंड द्यावे लागले होते. एकत्र चहा पिणे या प्रांतात कधीच क्षुल्लक नव्हते.

म्हणून उपासनेनंतरचा चहा सुरू करा आणि तो नीट करा. चहा दर वेळी त्याच चार बाया करतात आणि त्याच दहा पुरुषांत गप्पा रंगतात, असे होत असेल तर पाळी लावा; पुरुषांनी कप विसळले तर बिघडत नाही. पंचांनी त्या वेळात एकमेकांशी बोलायचे नाही, जे एकटे उभे आहेत त्यांच्याशी बोलायचे, असा नियम करून पाहा. कमिटी, गायनमंडळ, शब्बाथशाळेचे शिक्षक यांच्या याद्या काढून पाहा. सगळी पदे दोन-तीन आडनावांत फिरत असतील, तर बाकीच्यांना आपण इथे पाहुणे आहोत असे वाटणारच. आडनाव, मूळ गाव, जुने मिशन यांवरून चाललेली कुजबुज वडीलधाऱ्यांनी तिथल्या तिथे थांबवावी.

नगर, जालना, बीडकडून पुण्या-मुंबईत पोटासाठी आलेली कुटुंबे शहरातल्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून मागच्या मागे निघून जातात. सभासदत्वाचे पत्र आणले का, हा प्रश्न त्यांना पहिल्या रविवारी विचारू नका. आधी जेवायला बोलवा, कागद नंतर पाहता येतील. गावाकडच्या मंडळ्यांत उलटी स्थिती असते. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की घरांना कुलपे लागतात, मागे म्हातारे आणि शाळकरी मुले राहतात. त्या पाच-सहा महिन्यांसाठी गटांची वेगळी यादी करा. कारखान्याच्या तळावर गेलेल्यांना जवळच्या मंडळीच्या पाळकाचा फोन नंबर देऊन ठेवा, आणि त्या पाळकांनाही कळवा.

भांडण झाले तर

जिथे माणसे आहेत तिथे मतभेद आहेत. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातली चढण स्पष्ट आहे: आधी दोघांनीच बोलायचे, मग एक-दोघांना सोबत घ्यायचे, आणि शेवटी मंडळीपुढे आणायचे. आपण नेमके उलटे करतो. आधी ग्रुपवर लांबलचक संदेश, मग व्यासपीठावरून टोमणा, मग वकिलाची नोटीस. कितीतरी मंडळ्यांचा पैसा आणि उमेद कोर्टाच्या तारखांत गेली आहे. ज्यांच्यावर दोन्ही बाजूंचा भरवसा आहे अशा तीन ज्येष्ठांचे समेट मंडळ आधीच नेमून ठेवा. भांडण पेटल्यावर नेमले तर ते कोणाचे तरी वाटते.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. घरात मारहाण होत असेल तर बाईला “सहन कर, प्रार्थना कर” असे सांगून परत पाठवू नका. आधी तिची सुरक्षितता, मग बाकीचे. मुलांच्या बाबतीत तर निवडीला जागाच नाही. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तरी पोलिसांना कळवणे 2012 च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. चर्चची अब्रू हे कारण तिथे चालत नाही. शब्बाथशाळेत, शिबिरात, सहलीत एक प्रौढ आणि एक मूल असे बंद दाराआड कधीही नसावे, हा नियम लेखी करा.

कुंपणाबाहेर

आपल्यापुरती प्रेमळ मंडळी हळूहळू क्लब होते. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ उभारला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेवली. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले, ते दुखणाऱ्या प्रत्येकासाठी होते. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या लढ्यात उतरले, तेव्हा पाणी आणि झाडे सगळ्या गावाची होती. तुमच्या चर्चच्या भिंतीला लागून कोण राहते? त्यांच्या नळाला पाणी येते का? परीक्षेच्या दिवसांत चर्चचा हॉल वस्तीतल्या मुलांच्या अभ्यासाला उघडता येईल का? हे करताना मदतीला अट जोडू नका आणि मदतीच्या पिशवीत पत्रकही घालू नका. भुकेल्याला जेवण द्यायला तो भुकेला आहे एवढे कारण पुरेसे आहे.

पहिले तीन महिने

सगळे एकदम सुरू केले तर सगळेच बारगळते. पहिल्या महिन्यात फक्त वही भरा आणि दाराशी दोन माणसे नेमा. दुसऱ्या महिन्यात गट पाडा आणि प्रत्येक घरी एक भेट पूर्ण करा. या महिन्यात कोणाचा कोणताही प्रश्न सोडवायला जाऊ नका, फक्त ऐका. तिसऱ्या महिन्यात मदतनिधीचे नियम एका कागदावर लिहून मंडळीच्या सभेत मंजूर करून घ्या आणि उपासनेनंतरचा चहा सुरू करा. तीन महिन्यांनी गटातली माणसे अर्धा दिवस एकत्र बसवा. काय जमले, काय नाही, कोण थकले आहे, ते मोकळेपणाने बोला. थकलेल्याला विश्रांती द्या. पाळकसाहेबांना आठवड्यातून एक सुट्टीचा दिवस मिळतो का, पाळकबाईंची विचारपूस कोण करते, मुलांच्या शाळा बदल्यांमध्ये किती वेळा बदलल्या, हेही त्या बैठकीत विचारा. मंडळीची काळजी वाहणाऱ्यांच्या घरचे पान वहीत बहुधा सर्वांत कोरे असते.

या कामाला मोठे चर्च लागत नाही, परदेशी देणगी लागत नाही, वक्तृत्वही लागत नाही. पंचवीस घरांची मंडळी हे शंभर घरांच्या मंडळीपेक्षा लवकर करू शकते. पुढच्या पंच सभेच्या विषयपत्रिकेत इमारतीच्या रंगाच्या आधी हा विषय घाला, आणि सभा संपण्यापूर्वी वही कोण सांभाळणार, त्या माणसाचे नाव इतिवृत्तात लिहा. नाव लिहिले गेले नाही, तर काम सुरू झालेले नाही असे समजा.